मुंगळ्याची राणी आणि खानदेश

राणीमुंगी परीक्षानळीत ठेवून तिचं वारूळ वाढताना पाहण्याचा छंद नवा वाटतो, पण मुंग्यांच्या मागे लागलेली माणसं आपल्या मुलखात जुनीच. पुणे, नगर, धारवाड आणि खानदेशाची आकडेवारी जमवणारे कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये मुंग्यांवर निबंध प्रसिद्ध केला. भिजलेलं गवताचं बी मुंग्या बाहेर आणून वाळवतात, हे त्यांनी पुण्यात पाहून टिपलं होतं. पुढे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले रॉटन स्वित्झर्लंडचे मुंगीतज्ज्ञ फोरेल यांना इथल्या मुंग्या पाठवत राहिले. मुंग्या घरात पाळून वर्षानुवर्षं नोंदी ठेवण्याची रीत रुजवली ती इंग्लंडच्या जॉन लबॉकनी. त्यांची एक राणी चौदा वर्षांहून जास्त जगली.

आज खानदेशात, जळगाव-धुळ्याकडे, हा छंद सुरू करायला सर्वांत सोपी ती काळ्या मुंगळ्याची राणी. वळवाच्या दिवसांत ती दिव्याखाली सापडते. पंख झडून खांद्यांवर नुसते खुंट उरलेली राणी निवडावी, कारण बहुतेकदा तिचं मीलन झालेलं असतं. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, तोंडाशी दुसरा बोळा, वरून काळा कागद. खायला काही द्यायचं नाही. उडण्याचे स्नायू आता तिला नको असतात. तेच विरघळवून ती अळ्यांना तोंडानं भरवते. महिना-दीड महिन्यानं कोश फोडून बाहेर पडलेल्या पहिल्या कामकरी मुंग्या अगदी खुज्या असतात. मग साखरपाण्याचा थेंब आणि एखादा मेलेला किडा द्यायचा. खरी परीक्षा आपल्याकडच्या उन्हाची. पारा पंचेचाळीसला टेकला की नळीतलं पाणी भराभर आटतं, म्हणून ती माठाखालच्या गारव्यात ठेवणं उत्तम. आणि सारखा कागद काढून डोकावू नये. बिथरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते.

२०२५ मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुण सुमारे पाच हजार राण्यांसह पकडले गेले आणि त्यांना दंड झाला. छंदाचा धंदा झाला की हे असं होतं, आणि मला ते मनापासून खुपतं. परगावची राणी विकत मागवू नये, वारूळ खणून तर नाहीच नाही. राणी गेली की मागच्या मुंग्या काही काळानं संपतात. अंगणातल्या दिव्याखालची एक राणी पुरे. नळीवर तारीख, गाव आणि आदल्या दिवशी पाऊस पडला होता की नाही, एवढं लिहून चिकटवावं. राण्यांचं मीलनासाठीचं उड्डाण नेमकं कधी होतं, ते अशाच नोंदींतून कळत जाईल.