कुलवृत्तांत लेखनाची साधने : दफ्तर, वही आणि कुलसंमेलन

प्रस्तावना :
घराण्याची वंशावळ संकलित करून 'कुलवृत्तांत' ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्याची परंपरा महाराष्ट्रात विसाव्या शतकात रूढ झाली. अनेक घराण्यांची कुलमंडळे त्यासाठी संमेलने भरवितात. मात्र सांगोवांगीची वंशावळ आणि कागदोपत्री वंशावळ यांतील भेद अनेकदा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या साधनांचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

साधनांचे स्वरूप :
पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर हे प्रमुख साधन होय. गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले; तथापि बहुतांश मोडी कागद अप्रकाशित आहेत. वतनाच्या तंट्यांतील महजर, तसेच इनामांच्या चौकशीत दाखल झालेल्या कैफियती यांत वंशावळी आढळतात. परंतु त्या हक्क सिद्ध करण्यासाठी रचलेल्या असल्याने प्रतिपक्षातील भाऊबंदांची नावे वगळली जाण्याचा संभव असतो. याउलट नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वतः सांगितलेली पूर्वजांची व भावांची नावे असतात. वतनाच्या दाव्याशी त्यांचा संबंध नसल्याने पडताळणीस त्या उपयुक्त ठरतात. अलीकडच्या पिढ्यांसाठी गावपातळीवरील जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवालबुक पाहावे लागते.

कालनिर्णय :
मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत येतो. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७१. त्यात ५९९ मिळविले असता इ. स. १७७० येते. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे लागतात. हा भेद न पाळल्यास एक वर्षाची चूक होते.

कुलसंमेलनाचे कार्य :
संमेलनात विविध शाखांतील वृद्धांच्या आठवणी व घरोघरचे कागद एकत्र येतात. तेथे वंशावळ बहुमताने 'मंजूर' करणे अशास्त्रीय आहे. प्रत्येक नावापुढे दफ्तर, वही वा मौखिक असा आधार नोंदविल्यास मतभेद उघड राहतात आणि पुढील संशोधकास दिशा मिळते.

मर्यादा :
जुन्या वंशावळी प्रामुख्याने पुरुषांच्या आहेत. विवाहानंतर नाव बदलल्याने स्त्रीच्या माहेरच्या व सासरच्या नोंदी जुळविणे कठीण जाते. वतन वा इनाम नसलेल्या कुटुंबांचा उल्लेख दफ्तरांत तुरळक येतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांची निकड तीव्रतेने जाणवली. जुन्या कागदातील एक शब्द आजच्या जात प्रमाणपत्राचा आधार ठरू शकतो; म्हणूनच चुकीच्या वाचनाचे परिणामही गंभीर असतात.

निष्कर्ष :
नोंद नसणे म्हणजे कुळाला इतिहास नसणे नव्हे. मौखिक परंपरेस पुरावा न मानता शोधाचा प्रारंभबिंदू मानावे. इतिहास व मराठी विभागांनी मोडी वाचनाचे वर्ग चालविल्यास, महाविद्यालयांच्या परिसरातील कुटुंबांकडे जीर्ण होत चाललेले कागद वाचले जाण्याची शक्यता निर्माण होईल.