खाण-डंपांवरील वृक्षस्पर्धा : डिचोली व पेडणे तालुक्यांच्या संदर्भात

जंगल तुटले, जळले किंवा खणले गेले की मोकळ्या जागेवर ऊन भरपूर पडते. परंतु ते सर्व रोपांना सारखे मिळत नाही. आधी उंच होणारे झाड शेजाऱ्याच्या वाट्याचा प्रकाश अडविते आणि जमिनीखाली मुळांची पाणी व खनिजद्रव्यांसाठी तशीच ओढाताण चालते. पाठ्यपुस्तकांत या स्पर्धेची उदाहरणे बहुधा परदेशी सूचिपर्णी वनांची असतात. गोव्यातील अध्यापकांना मात्र त्यासाठी डिचोलीबाहेर जाण्याचे कारण नाही.

डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या उघड्या खाणींतून एक टन खनिजामागे साधारण दोन ते तीन टन माती बाजूस टाकली गेली. खाणकाम २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये थांबले, डंप मात्र राहिले. या मातीत सेंद्रिय द्रव्य व नत्र अत्यल्प, उतार भुसभुशीत आणि वर्षाकाठी पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. माती वाहून शेतांत उतरू नये म्हणून डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजेच आकेशिया, मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. ही निवडच चुकीची होती, असे आज म्हणणे सोपे असले तरी ते न्यायाचे नाही. हे झाड मुळांवरील गाठींतील जीवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्थिर करते व निकस मातीतही झपाट्याने वाढते.

बर्टनेस व कॅलावे यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, परिस्थिती जितकी खडतर तितके वनस्पतींचे परस्परसाहाय्य महत्त्वाचे. परिस्थिती सुधारली की स्पर्धा वरचढ होते. डंपावर हेच घडते. पहिल्या काही वर्षांत आकेशियाची सावली माती थंड ठेवते. पुढे तीच सावली किंदळ व माट्टी यांसारख्या प्रकाशप्रिय स्थानिक वृक्षांच्या रोपांना वाढू देत नाही. शिवाय तिचे पानांसारखे दिसणारे चपटे देठ सावकाश कुजतात. त्यांचा जाड थर साचून खाली पडलेले बी मातीपर्यंत पोहोचत नाही. हिरवा दिसणारा डंप म्हणजे जंगल नव्हे, तो यामुळे.

दोन मीटर अंतराने लावल्यास एका हेक्टरात २५०० झाडे बसतात. ती सर्व मोठी होणे शक्य नसते. जपानमधील योडा व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखविले की, दाटीत झाडांची संख्या निम्मी होते तेव्हा उरलेल्या झाडाचे सरासरी वजन सुमारे २.८ पट झालेले असते. या गुणोत्तराबद्दल पुढे मतभेद झाले, तथापि मूळ मुद्दा टिकून आहे. विरळणी झाली नाही, तर ती मरणातून होते. आणि तोवर सर्वच झाडे बारीक खोडांची व लहान पर्णसंभाराची राहतात. अशी झाडे वाऱ्यात एकमेकांच्या आधाराने उभी असतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात गोव्यात ठिकठिकाणी झाडे कोसळली. दाट लागवडीत एकदम मोठी तोड केल्यास मागे उरलेली झाडे अशा वाऱ्यापुढे निराधार होतात. म्हणून विरळणी लवकर, थोडी थोडी आणि लहान मोकळ्या जागा ठेवून करणे इष्ट.

पेडण्याच्या काजू बागायतींत चित्र वेगळे आहे. तोडलेल्या किंदळीच्या बुंध्याला फूट येते आणि मुळे आधीच खोल असल्याने ती बियांपासून उगवलेल्या रोपांना सहज मागे टाकते. तरीही बागेत काजूच टिकतो, कारण हंगामापूर्वी होणाऱ्या बेणणीत ही फूट कापली जाते. स्पर्धेचा निकाल येथे कोयता लावतो! बेणणी बंद पडलेल्या बागेत रान वर येते आणि प्रकाशप्रिय काजूचे उत्पन्न घटते.

वर्गकार्यासाठी दहा मीटर चौरसाचे दोन भूखंड घ्यावेत, एक दाट आकेशियाखाली व एक मोकळ्या फटीत. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडांचा घेर मोजावा आणि गुडघ्याएवढ्या स्थानिक रोपांची जातवार गणना करावी. डंपावर जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. पावसाळ्यात उतारावर विद्यार्थ्यांना नेऊ नये.