रेडिएटर किती टिकतो, हे त्यातले पाणी ठरवते

गाडीचा रेडिएटर किती वर्षे चालतो, या प्रश्नाला 'दहा वर्षे' किंवा 'दीड-दोन लाख किलोमीटर' असे ठोकळ उत्तर दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. एकाच कारखान्यात एकाच घडणीचे दोन रेडिएटर तयार होतात. त्यातला एक चार-पाच पावसाळ्यांत गळू लागतो आणि दुसरा गाडी मोडीत निघेपर्यंत शाबूत राहतो. धातू तोच आणि जाडीही तीच असते. फरक असतो तो आतून फिरणाऱ्या द्रवात आणि त्या द्रवाकडे मालकाने दिलेल्या लक्षात. म्हणून रेडिएटरचे आयुष्य त्याच्या वयावरून मोजण्याऐवजी त्यातल्या पाण्याच्या वयावरून मोजावे, असे माझे म्हणणे आहे. महाड-पोलादपूरसारख्या भागात तर ही सवय लावून घेण्यावाचून गत्यंतर नाही. पोलादपुरातून महाबळेश्वरला जायचे तर आंबेनळी घाट, खेडकडे जायचे तर कशेडी, आणि महाडहून भोरमार्गे पुणे गाठायचे तर वरंध. कशेडीला आता बोगद्यामुळे चढण टळते, पण बाकीचे दोन घाट इंजिनाची परीक्षा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

ही परीक्षा नेमकी किती कडक असते, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फार उंच नाही आणि महाबळेश्वरची उंची तेराशे मीटरहून अधिक आहे. चार माणसे आणि सामान धरून १२०० किलो वजनाची छोटी मोटार १३०० मीटर वर न्यायची, तर नुसत्या चढणीसाठी सुमारे १५ मेगाज्यूल काम करावे लागते. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवते. जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्त उष्णता कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनातून आणि रेडिएटरमधून फिरणाऱ्या द्रवात, उतरते आणि उरलेली बहुतांश धुराबरोबर निघून जाते. म्हणजे एका चढणीत कूलंटला १५ ते २० मेगाज्यूल उष्णता वाहून न्यावी लागते. खोलीच्या तापमानाचे ५० ते ७० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे, आणि ती वाहणारा द्रव असतो जेमतेम चार-पाच लिटर. भरलेल्या एसटी बससाठी हाच आकडा दहापटीहून मोठा होतो.

सपाट महामार्गावर ऐंशीच्या वेगाने जाणारे इंजिनही इतकी किंवा याहून अधिक उष्णता सोडते. पण तिथे रेडिएटरवर वारासुद्धा त्याच वेगाने आदळत असतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगाने चढते, इंजिन जोरात फिरते आणि समोरचा वारा जवळपास नाहीसा होतो. सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर येते. त्यात वर चढावे तशी हवा विरळ होते. महाबळेश्वरच्या उंचीवर तिची घनता किनाऱ्यापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे तोच पंखा तितकीच हवा ओढूनही कमी उष्णता उडवतो. वर हवा थंड असते, एवढाच काय तो दिलासा. एसी चालू असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्याने रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या आसपास तासन्‌तास अडकणाऱ्या गाड्या तापतात, त्याचे कारणही हेच. इंजिन सुरू, एसी सुरू आणि वारा शून्य.

अशा वेळी गाडी वाचते ती दाबामुळे. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिटीसारखे काम करते. ते आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बारने जास्त ठेवते. त्यामुळे साधे पाणीही सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे ग्लायकॉल (कूलंटमध्ये पाण्याबरोबर असणारा मुख्य द्रव) असलेले मिश्रण सव्वाशेच्याही पुढे तग धरते. आता झाकणाचे रबर कडक होऊन चिरले किंवा स्प्रिंग सैल झाली, तर काय होते पाहा. दाब टिकत नाही, आणि उघड्या भांड्यातले पाणी महाबळेश्वरला ९५-९६ अंशांवरच उकळते. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी एरवीही नव्वदीच्या घरात असते. म्हणजे साध्या प्रवासातही ते उकळीच्या उंबरठ्यावर येते. गाडी 'पाणी फेकू' लागली की दोष रेडिएटरवर ढकलला जातो आणि कधीकधी चांगला रेडिएटर बदललाही जातो. चूक मात्र त्या छोट्या झाकणाची असते.

उष्णतेने गाडी थांबते, पण रेडिएटर मरतो तो गंजाने. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. गेल्या चार दशकांत त्यांची जागा ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरांनी घेतली. हे हलके आणि स्वस्त असतात, पण त्यांच्या नळ्यांची भिंत मिलीमीटरच्या काही दशांशाइतकीच जाड असते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्या धातूचे चिलखत असतो. पाण्यातले क्लोराइड या थराला जागोजागी भोके पाडते. पाणी आम्लधर्मी झाले तर सगळा थरच विरघळू लागतो. शिवाय एकाच पाण्यात बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि पोलादी भाग एकत्र असले की त्या धातूंमध्ये बॅटरीसारखी सूक्ष्म विद्युतक्रिया सुरू होते आणि सर्वांत दुबळा धातू झिजतो. हे थांबवण्यासाठी कूलंटमध्ये गंजरोधक रसायने घातलेली असतात. ती खर्च होत जातात. ग्लायकॉलही उष्णतेने आणि ऑक्सिजनने हळूहळू मोडते आणि त्यातून ग्लायकॉलिक व फॉर्मिक आम्ल तयार होते. म्हणजे वेळेवर न बदललेले कूलंट एकीकडे संरक्षण गमावते आणि दुसरीकडे स्वतःच आम्ल बनत जाते. पातळी भरलेली दिसते, रंगही दिसतो, आणि आत रेडिएटर पोखरला जात असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी चालकांचा: पूर्वीच्या जीप आणि ट्रक विहिरीच्या पाण्यावर वर्षानुवर्षे चालले, मग आताच कूलंट कशाला? त्यांचा अनुभव खरा आहे. पण ती यंत्रे वेगळी होती. बिडाची जाड इंजिने, ऐसपैस तांब्याचे रेडिएटर आणि आजच्यापेक्षा कमी तापमान. गळती झाली तर रेडिएटरवाला नळी झाळून देई, क्षार साचले तर टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवी. आजच्या ॲल्युमिनियमच्या नळीला अशी झाळ सहज लागत नाही, आणि रबरी गॅस्केटवर दाबून बसवलेली प्लॅस्टिकची टाकी उघडून पुन्हा तशीच घट्ट बसवणे अवघड असते. दुरुस्तीची सोय गेली, म्हणूनच प्रतिबंधाची गरज वाढली. आणि डिझेल इंजिनांचे म्हणाल, तर त्यांच्या लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या अस्तराला, पाण्याच्या बाजूने जी बारीक भोके पडतात, तीही नव्या काळाची गोष्ट नाही. इंजिनाच्या कंपनांनी तयार होणारे सूक्ष्म बुडबुडे लायनरवर फुटतात आणि धातूचे कण उडवतात. योग्य रसायन नसलेल्या पाण्यात हा मारा अडवायला काहीच नसते.

दुसरा आक्षेप खास कोकणचा आहे: आमचे पाणी मऊ, त्यात क्षार नाहीत, त्याने काय बिघडणार? वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात ओढ्या-झऱ्यांचे पाणी खरोखरच मऊ असते, त्यामुळे देशावरच्या बोअरवेलच्या पाण्यासारखा पांढरा थर ते चटकन देत नाही. पण क्षार नसणे म्हणजे निरुपद्रवी असणे नव्हे. मऊ पाण्यात आम्लाला आवर घालणारे बायकार्बोनेट कमी असते आणि खळाळत्या ओढ्यात विरघळलेला ऑक्सिजन भरपूर असतो. थर न देणारे पाणी धातू खाण्यात मागे नसते. नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणाचे क्लोरीन असते, तेही शेवटी क्लोराइडच होते. त्यामुळे घाटात अडचण आली तर झऱ्याचे पाणी जरूर घालावे, गाडी आणि माणसे वाचवणे आधी महत्त्वाचे. पण ते तात्पुरते मानून पुढच्या आठवड्यात बदलून घ्यावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ग्लायकॉल मुख्यतः पाणी गोठू नये म्हणून घालतात, आणि महाडमध्ये पाणी गोठत नाही. उलट साधे पाणी निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहते. मग हा खर्च कंपन्यांच्या फायद्यासाठीच नाही का? यातला पहिला भाग मान्य करायला हवा. आपल्याकडे ग्लायकॉलचे प्रमाण निम्म्यापलीकडे नेण्यात तोटाच आहे. पण कूलंटचा डबा विकत घेताना आपण गोठणविरोधापेक्षा त्यातले गंजरोधक आणि वाढलेला उत्कलनबिंदू विकत घेत असतो. ही दोन्ही कामे साधे पाणी करू शकत नाही, आणि आयन काढून टाकलेले पाणीही एकट्याने करू शकत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकाराचे, आधीच पाणी मिसळलेले कूलंट घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ५७५९ हे कूलंटचे मानक आहे, तो उल्लेख डब्यावर पाहावा. रंगावर मात्र विसंबू नये. हिरवा, नारिंगी, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या पद्धतीने देतात, आणि दोन वेगळ्या रसायनांची सरमिसळ दोघांचेही संरक्षण कमी करते.

गॅरेजमध्ये अजूनही ऐकू येणारा एक सल्ला येथे तपासायला हवा: गाडी तापते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाका. साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडणारा हा मेणाचा झडप-संच इंजिनाला लवकर योग्य तापमानावर आणतो. तो काढला की इंजिन बराच काळ थंडच चालते, इंधन जास्त जळते आणि झीज वाढते. त्याहून मोठी गोष्ट अशी की अनेक इंजिनांत हाच थर्मोस्टॅट पूर्ण उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत जाते, आणि घाटात गाडी कमी तापण्याऐवजी जास्त तापते. अडकलेला थर्मोस्टॅट बदलावा, काढून फेकू नये.

बाहेरच्या बाजूनेही या भागात रेडिएटरवर हल्ला होतो. महामार्गाच्या कामाची लाल धूळ, पावसाळी चिखल, पालापाचोळा आणि किडे फिनांमध्ये, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत, बसले की हवेची वाट बंद होते. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्री नदीच्या महापुराने महाड बुडाले, तेव्हा असंख्य गाड्या गाळाखाली गेल्या. असा गाळ फिनांवर ओला राहिला तर ॲल्युमिनियम बाहेरूनही गंजते, आणि पंख्याची मोटार व सेन्सरचे जोड पाण्याने खराब होतात ते वेगळेच. पुरात सापडलेल्या गाडीचा रेडिएटर कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने पुढे असा धुवावा. जोरदार फवाऱ्याने मऊ फिन वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

मग करायचे काय? महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहावी. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर भरत राहण्याऐवजी गळती शोधावी: होज पाइप, त्याची क्लिप, वॉटर पंप, टाकीची कड. जुन्या पद्धतीचे कूलंट दर दोन वर्षांनी आणि दीर्घायुषी प्रकारचे सुमारे पाच वर्षांनी पूर्ण काढून, आतली हवा निघेल अशा रीतीने नवे भरावे. होज पाइप दाबून पाहावेत, झाकणाचे रबर तपासावे आणि पंखा वेळेवर सुरू होतो का याची घाट चढण्याआधी खात्री करावी. वाटेत तापमानाचा काटा वर चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी गाडी थांबवावी. झाकण मात्र अजिबात उघडू नये. १२० अंशांवर दाबाखाली असलेले पाच लिटर पाणी मोकळे झाले, तर त्याचा थोडासाच अंश वाफ होतो, पण ती वाफ तीनशे लिटर जागा व्यापते आणि उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणेही टाळावे. त्याने हेड वाकते किंवा तडकते.

जुने कूलंट ओढ्यात किंवा गटारात सोडू नये. एथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागत असल्याने कुत्री व गुरे ते चाटतात. ते कॅनमध्ये भरून गॅरेजकडे द्यावे. दोन वर्षांतून एकदा कूलंट बदलण्याचा खर्च नव्या रेडिएटरच्या तुलनेत थोडा आहे, आणि हेड गॅस्केट गेल्यानंतरच्या इंजिनकामापुढे तर तो नगण्य आहे. तुमच्या गाडीत शेवटचे कूलंट कधी बदलले, याची तारीख आठवत नसेल, तर पुढच्या घाटाआधी ते बदलून घ्या आणि ती तारीख बॉनेटच्या आत लिहून ठेवा.