पेंढ्याला लावलेलं विरजण

अळंबीला बी नसतं. फूल, फळ, बी हा झाडापेडांचा संसार तिच्या वाट्याला आलेला नाही. तरीही 'अळंबीचं बियाणं' म्हणून एक पारदर्शक पिशवी विकत मिळते आणि निरखून पाहावं तर आत चक्क गव्हाचे दाणे, पांढऱ्या बुरशीत गुरफटलेले. आमच्या आपानं ती पिशवी पहिल्यांदा हातात घेतली आणि म्हणाली, "अरे, हे सडलेलं धान्य कोंबड्यांनासुद्धा घालू नकोस." तिचं अर्धं बरोबर होतं. दाण्यावर बुरशीच चढलेली असते, पण ती निवडून, जपून चढवलेली असते.

आपण खातो ती छत्री म्हणजे अळंबीचं फळ. तिचं खरं शरीर कापसाच्या तंतूंसारखं असतं. ते लाकडात, पेंढ्यात, पालापाचोळ्यात पसरतं, आणि पोट भरलं, हवा-पाणी मनासारखं मिळालं की छत्री बाहेर काढतं. प्रयोगशाळेत गहू किंवा ज्वारी अर्धवट शिजवतात, दाबाखालच्या वाफेत पूर्ण जंतुविरहित करतात आणि त्यात अळंबीच्या शुद्ध तंतूंचा एक तुकडा सोडतात. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक दाण्यावर तंतू चढतात. हेच बियाणं. ते घरी करण्याच्या फंदात पडू नये; कृषी विद्यापीठाच्या किंवा खात्रीच्या प्रयोगशाळेतून आणावं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस. या विषयात शिरलो तो गावातल्या बचत गटामुळे. बायका प्रशिक्षणाला जाऊन आल्या, हातात माहितीपत्रक होतं आणि त्यातला 'निर्जंतुकीकरण' हा शब्द कुणालाच गिळवत नव्हता. मला म्हणाल्या, "भाई, तुम्ही शब्दांतले आहात, तेवढं सोपं करून सांगा." मी शोधू लागलो तेव्हा ध्यानात आलं, की आपल्या घरात यासाठी फार जुना शब्द आहे: विरजण. बियाणं म्हणण्यापेक्षा हे पेंढ्याचं विरजण म्हणावं. आपण दूध तापवतो, कारण त्यातले नको असलेले जीव मेले पाहिजेत. मग ते कोमट होऊ देतो, कारण गरम दुधात विरजण घातलं तर तेच मरेल. विरजण नेमकं घालतो. झाकून ठेवतो आणि हलवत नाही. अळंबीची पिशवी भरताना यापेक्षा वेगळं काहीही करायचं नसतं. एवढं सांगितल्यावर बायकांनी पत्रक बाजूला ठेवलं.

घरी करायची ती धिंगरी अळंबी, शिंपल्याच्या आकाराची. बटण अळंबीला खास कुजवलेलं खत आणि चांगला गारवा लागतो. ते आपल्या घराचं काम नव्हे. धिंगरी मात्र साध्या पेंढ्यावर वाढते आणि वीस ते तीस अंश तापमान तिला चालतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास, जर्मनीत ती झाडांच्या बुंध्यांवर वाढवली गेली. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर तिची लागवड करून दाखवली ती म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी, १९६२ साली. बानोबाईंचं नाव आज अळंबी खाणाऱ्यांना ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता पेंढा. आमच्या कोकणात भात कापणी दिवाळीच्या आगेमागे होते, म्हणून ताजा, पिवळाधमक पेंढा तेव्हाच मिळतो आणि हवाही गार होऊ लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मला सर्वांत बरा काळ वाटतो. घाटावरची मंडळी गव्हाचं काड वापरतात, सोयाबीनच्या मुलखात सोयाबीनचा भुसा चालतो. अट एकच: माल त्याच वर्षीचा असावा आणि पावसात भिजलेला नसावा. उडवीच्या तळचा काळपट पेंढा फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्यात आधीच दुसऱ्या बुरशीनं बिऱ्हाड केलेलं असतं.

पेंढ्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून गोणीत भरायचे आणि आठ ते दहा तास थंड पाण्यात बुडवून ठेवायचे. पाणी निथळलं की तीच गोणी ऐंशी अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात तासभर. गॅसवर हे परवडत नाही. परसात चूल मांडून नारळाची सोडणं आणि झावळ्या जाळल्या तर खर्च जवळजवळ नाही. काही ठिकाणी गरम पाण्याऐवजी फॉर्मेलिन आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात पेंढा भिजवायला सांगतात. पद्धत चालते, मी नाही म्हणत नाही. पण फॉर्मेलिनच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात आणि तो पदार्थ कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. दोन खोल्यांच्या घरात, लेकराबाळांत, मी तो आणू देणार नाही.

इथे कुणी विचारेल, मग पाणी खळखळा उकळून सगळंच का मारू नये? याचं उत्तर मला फार आवडलं. ऐंशी अंशांना त्रासदायक बुरश्या बहुतेक मरतात, पण उष्णता सोसणारे काही निरुपद्रवी जीव टिकून राहतात आणि ते पेंढा अगदी मोकळा पडू देत नाहीत. पूर्ण जंतुविरहित केलेला पेंढा म्हणजे उघड्या दाराचं रिकामं घर. जो आधी शिरेल त्याचं. आणि हवेतल्या हिरव्या बुरशीचे कण आपल्या हातापेक्षा नेहमीच चपळ असतात. प्रयोगशाळेत दार बंद ठेवता येतं, पडवीत येत नाही.

गरम पेंढा स्वच्छ धुतलेल्या, उतरत्या फळीवर किंवा जाळीवर निथळत ठेवायचा. ओलावा किती हवा हे मुठीनं कळतं. मूठभर पेंढा घट्ट पिळावा. तळवा ओला व्हावा, फार तर एखादा थेंब यावा, धार लागू नये. धार लागली तर पिशवीच्या तळाशी पाणी साचतं, हवा कोंडते आणि आंबूस वास सुटतो. उलट पेंढा कोरडा राहिला तर तंतू अर्ध्यावर थांबतात. मग निवण्याची वाट पाहायची. घाई इथेच होते, कारण संध्याकाळ झालेली असते आणि घरची कामं खोळंबलेली असतात. आपा नातवाला आंघोळ घालताना पाण्यात मनगट बुडवून बघायची, तसंच मनगट पेंढ्यात खुपसायचं. ऊब लागली तर थांबायचं.

भरायची जागा अशी निवडावी, की जिथे वारा खेळत नाही. पंखा बंद, खिडकी बंद. त्याआधी तासभर झाडलोट करू नये. उडालेली धूळ म्हणजे उडालेली बुरशीच. स्वयंपाकघरात भाकरीचे शिळे तुकडे, नासलेलं फळ असेल तर तिथे मुळीच बसू नये. साबणानं कोपरापर्यंत हात धुवावेत, औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट हातांना लावून पूर्ण वाळू द्यावं, आणि मग चुलीकडे किंवा दिव्याकडे जाऊ नये, ते पेट घेतं. बियाण्याची पिशवी उघडण्याआधी उजेडात धरून पाहावी. सगळे दाणे पांढरेशुभ्र, वास ओल्या मातीसारखा, तर उत्तम. हिरवा, काळा किंवा पिवळा एकही ठिपका दिसला तर ती पिशवी परत करावी. हिरवा भाग काढून उरलेलं वापरण्याची काटकसर नको. एसटीनं आणताना ते उन्हात, इंजिनाच्या उबेवर ठेवू नये आणि आणल्यावर लवकर वापरावं. फ्रिजमध्ये थोडे दिवस टिकतं, पण गुलाबी धिंगरीला गारठा सोसत नाही, तिला फ्रिजबाहेरच ठेवावं.

पिशवी पस्तीस बाय पंचावन्न सेंटिमीटरची, प्लॅस्टिकची. तिच्यात किलोभर सुका पेंढा बसतो. भिजून तो तीन किलोच्या आसपास होतो. बियाणं ओल्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे एका पिशवीला ६० ग्रॅम. आधी ते बोटांनी हलकेच मोकळं करून पिशव्यांच्या संख्येइतक्या वाटण्या कराव्यात, नाहीतर पहिल्या पिशव्यांना पोटभर आणि शेवटच्यांना उपास. तळाशी आठ-दहा सेंटिमीटर पेंढा, त्यावर चिमूट चिमूट बियाणं, पुन्हा पेंढा, असे चार-पाच थर. बियाणं मध्यभागी न ओतता कडेकडेनं पेरावं. कडेला हवा मिळते, शिवाय बाहेरून वाढ दिसते, आणि दिसणं महत्त्वाचं आहे, कारण पुढचे पंधरा दिवस आपल्या हाती बघण्यापलीकडे काही नाही. प्रत्येक थर तळव्यानं दाबावा. पोकळी राहिली तर तंतूंना ती ओलांडता येत नाही. शेवटच्या थरावर जरा जास्त बियाणं पसरावं, कारण हवेतून येणारा पाहुणा वरूनच शिरतो. तोंड दोऱ्यानं बांधायचं आणि स्पिरिटनं पुसलेल्या टाचणीनं चहूबाजूंनी पंचवीस-तीस भोकं पाडायची.

बियाणं दुप्पट घातलं तर दुप्पट अळंबी येईल का, हा प्रश्न दर वेळी येतो. नाही. वाढणारे तंतू स्वतः उष्णता सोडतात. पिशवीचं पोट खोलीपेक्षा काही अंशांनी गरमच असतं. विरजण जास्त झालं की दही आंबट होतं, तसं इथे पोट तापतं आणि पैसे जातात ते वेगळेच.

पिशव्या अंधाऱ्या, पंचवीस अंशांच्या आसपासच्या जागी, एकमेकींना न चिकटवता ठेवाव्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरी वर्तुळं दिसू लागतात. पंधरा ते वीस दिवसांत ती एकमेकांना भेटतात आणि पेंढा पांढऱ्या ढेपेसारखा घट्ट होतो. ही शर्यत आहे. सगळी धुणीपुसणी, मुठीची पारख, मनगटाची ऊब, आपल्या बुरशीला दोन दिवस आधी धावायला मिळावं म्हणून. कुठे हिरवा डाग दिसला तर समजावं, की तिथे दुसरीच पुढे गेली. डाग दिसलेली पिशवी न उघडता लांब नेऊन पुरून टाकावी. उघडली, की तिचे कण बाकीच्या सगळ्या पिशव्यांवर बसतात.

आमच्या गटातल्या एकीनं कर्ज काढून ऐन श्रावणात चाळीस पिशव्या एकदम भरल्या. पेंढा दमट, भिंतींना ओल, आणि एका हिरव्या पिशवीचा डाग कापून काढावा म्हणून ती उघडलेली. पंधरवड्यात बहुतेक सगळ्या गेल्या. बियाणं महाग दरानं विकणाऱ्या माणसानं तयार माल आपणच उचलू असं तोंडी सांगितलं होतं. तो फोनही घेईना. तिची फेड तिनं शिवणकाम करून केली. म्हणून नवीन बाईनं पाच पिशव्यांनी सुरुवात करावी, असं आम्ही आता ठरवूनच टाकलं आहे. आणि माल घेण्याचा शब्द देणाऱ्याकडून तो कागदावर लिहून घ्यावा, त्याआधी गावातली दोन हॉटेलं आणि आठवडी बाजार स्वतः फिरून पाहावा. ताजी धिंगरी साध्या हवेत एक दिवस टिकते, फ्रिजमध्ये तीन-चार. उन्हात वाळवली तर महिनोन्महिने टिकते, पण दहा किलोची एक किलो होते.

एक गोष्ट पत्रकात शेवटच्या ओळीत असते, मी ती मोठ्यानं सांगतो. धिंगरीची छत्री पिकली की तिच्यातून पिठासारखे बारीक कण झडतात. ते श्वासात गेल्यानं खोकला, ताप, धाप लागू शकते आणि रोज त्यांत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांना सूज येऊ शकते. आपाच्या नातवाला दमा आहे. घरात दोनच खोल्या. ती म्हणत होती, पलंगाखाली जागा मोकळी आहे. मी आणि तिची सून, आम्ही दोघं अडून बसलो. शेवटी पडवीच्या टोकाला गोणपाटाचा आडोसा केला, माशी शिरू नये म्हणून आतून मच्छरदाणीचं कापड लावलं आणि पिशव्या तिथे टांगल्या. त्यामुळे उन्हाळ्यात तिचं काम बंद असतं. ते तिनं मान्य केलं आहे. काढणीला ती तोंडाला ओढणी बांधते. मुखपट्टी बांधावी म्हणून माझं टुमणं चालू आहे.

पेंढा पांढरा झाला की पिशवी कापून काढायची, ढेप दोरीनं टांगायची, आडोशाला दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडायचं. आता उजेड आणि खेळती हवा दोन्ही हवीत. हवा कोंडली तर देठ लांब होतात आणि छत्री बोटभरही होत नाही. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब येतात, त्यानंतर तीन-चार दिवसांत काढणी. छत्रीची कड वर वळण्याआधी काढावी. चवही चांगली राहते आणि ते कणही झडत नाहीत. ढेपेवर धिंगरीखेरीज काळसर, शाई गळणारी किंवा अनोळखी छत्री उगवली तर ती खाऊ नये, शेजाऱ्याला देऊही नये. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन तोडे मिळतात. किलोभर सुक्या पेंढ्यामागे सगळे मिळून अर्धा ते पाऊण किलो, हात बसला की किलोपर्यंत. तिसऱ्या तोड्यानंतर ढेप हलकी, भुसभुशीत होते. आपा ती फोडून माडाच्या आळ्यात घालते आणि पुढच्या खेपेसाठी गोणी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकते.