फितऱ्याचे माप आणि दादीचा शेर

रमजानचा शेवटचा अशरा लागला की मशिदीमशिदींतून यंदाच्या फितऱ्याची रक्कम जाहीर होते. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत ईदच्या नमाजाआधी गरिबाच्या हाती पोहोचवायची. त्याच्याही घरी ईद व्हावी, हा त्यामागचा हेतू.

परवा कॉलेजात एका सहकाऱ्याने विचारले, "मॅडम, लोणावळ्यात एकाने मला गव्हाचे वजन १ किलो ६३३ ग्रॅम सांगितले, दुसऱ्याने २ किलो ४७ ग्रॅम. धर्म एक, मग वजने दोन कशी?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर स्वयंपाकघरात सापडते. मूळ हुकूम वजनाचा नाही, मापाचा आहे. मदिनेत धान्य 'साअ' या मापाने मोजत. चार मुद म्हणजे एक साअ, आणि मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरली ओंजळ. हनफी मतानुसार खजूर किंवा जव एक साअ, गहू अर्धा साअ.

आपल्याकडे हे माप तराजूवर आले तेव्हा फरक पडला. काही उलेमांनी अर्धा साअ म्हणजे पावणेदोन शेर धरले. शेराचे तोळे ८०, म्हणजे १४० तोळे. त्याचेच १ किलो ६३३ ग्रॅम होतात. बरेलीचे मौलाना अहमद रझा खान यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला वेगळी रीत वापरली. १४४ रुपयेभार जव मावतील त्या मापात त्यांनी गहू भरून तोलला. तो साडेपंच्याहत्तर अधिक शंभर, म्हणजे १७५॥ रुपयेभार निघाला. रुपया तोळ्याचा, म्हणून २ किलो ४७ ग्रॅम. भांडे तेच, पण गहू जवापेक्षा जड. घाट उतरून कोकणात गेलात तर तिथले शाफई मुसलमान रोजच्या खाण्यातले धान्य, म्हणजे तांदूळ, पूर्ण एक साअ देतात. तो अडीच किलोच्या आसपास धरतात.

आपल्या मावळातही हा घोळ जुनाच. शेर वजनाचा आणि शेर मापाचाही. चार शेरांची पायली. माझी दादी भात मापाने मोजायची. पण शेरभर तांदूळ आणि शेरभर पोहे काट्यावर ठेवा, काटा कुठल्या कुठे जाईल.

ईदच्या तयारीत हे ध्यानात ठेवा. २४० मिलीच्या सपाट भरलेल्या कपात साखर सुमारे २०० ग्रॅम बसते, तांदूळ १९०च्या आसपास, मैदा मात्र १२० ते १२५च. मैदा दाबून भरला तर तोच दीडशेपर्यंत जातो. म्हणून 'एक वाटी' लिहिलेली कृती दुसऱ्याच्या घरी बिघडते. आपल्या घरची वाटी एकदा काट्यावर तोलून ग्रॅम लिहून ठेवा. सून असो वा शेजारीण, सगळ्यांना उपयोगी पडेल.

फितऱ्याचा आकडा आपापल्या उलेमांना विचारावा. त्या सहकाऱ्याला मी एवढेच म्हटले, की दोन वजनांत माणशी ४१४ ग्रॅमचा फरक आहे. पाच माणसांच्या घरात तो दोन किलोंवर जातो. आमच्या घरी जास्तीचा आकडा धरतात. दादी माप भरून झाले की वरून आणखी एक मूठ टाकायची. ती मूठ कुठल्याच हिशेबात नव्हती. घेणाऱ्याच्या घरी मात्र तिची भाकरी होत असे.