आरटीईमधली १ किलोमीटरची अट रद्द झाली, पण सोलापूरच्या पालकांसाठी नेमकं काय बदललं?

आरटीईचे अर्ज सुरू झाले की पालकांची धावपळ सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी पुरावा, मग ऑनलाईन अर्ज आणि शेवटी लॉटरीची वाट. २०२४ मध्ये मात्र या सगळ्याच्या आधीच एक प्रश्न उभा राहिला होता. अर्जात खासगी शाळांची नावं दिसणार की नाही?

हा वाद काय होता आणि त्याचा तुमच्या मुलाच्या शाळेशी काय संबंध, ते समजून घेऊ.

आरटीई म्हणजे नेमकं काय?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा हा केंद्रीय कायदा. संसदेने तो २००९ मध्ये केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अल्पसंख्याक शाळांना यातून सूट आहे. या मुलांची फी सरकार शाळेला देतं. महाराष्ट्रात हा दर वर्षाला एका मुलामागे १७,६७० रुपये किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातली जी रक्कम कमी असेल ती, असा ठरला. ही रक्कम वेळेवर मिळत नाही, अशी शाळांची जुनी तक्रार आहे.

राज्य सरकारने काय बदललं होतं?

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने नियमांत दुरुस्ती केली. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांच्या अटीतून वगळण्यात आलं. सरकारचा मुद्दा असा, की घराजवळ सरकारी पैशावर चालणारी शाळा असताना खासगी शाळेची फी पुन्हा सरकारने का भरायची?

आता हा नियम सोलापूरच्या नकाशावर ठेवून बघा. ग्रामीण भागात जवळपास प्रत्येक गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. शहरात महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा आहेत. पूर्व भागासारख्या दाट वस्तीत यांपैकी एकही शाळा १ किलोमीटरच्या आत नाही, अशी खासगी शाळा सापडणार कुठे? म्हणजे हक्क कागदावर राहिला असता, पण विडी किंवा यंत्रमाग कामगाराच्या मुलासाठी खासगी शाळेचा पर्याय जवळपास संपला असता.

कोर्टाने काय म्हटलं?

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती रद्द केली. मूळ कायद्यात अशी अंतराची सूट नाही, त्यामुळे राज्याला नियम करून ती आणता येणार नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला.

स्थगितीनंतर अर्ज नव्याने मागवले गेले. राज्यभरात सुमारे १ लाख ५ हजार जागांसाठी जवळपास २ लाख ४२ हजार अर्ज आले. लॉटरीचा निकाल जुलैमध्ये लागला. तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

शेजारच्या कर्नाटकात चित्र वेगळं आहे. तिथे २०१९ मध्ये असाच नियम आला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्यामुळे अक्कलकोट तालुक्यातल्या आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूर जिल्ह्यांतल्या कुटुंबांना एकाच केंद्रीय कायद्याचा वेगवेगळा अनुभव येतो.

मग जिल्हा परिषदेच्या शाळांचं काय?

हा या गोष्टीचा दुसरा भाग, आणि त्यावर कमी बोललं जातं. शाळेतली शिक्षकांची पदं पटावर ठरतात. आरटीईच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांसाठी ३. म्हणजे पट ६२ वरून ६० वर आला, तर दोन मुलं कमी होतात, पण एका शिक्षकाचा आधार जातो. शिक्षक कमी झाला की दोन-तीन वर्ग एकत्र बसतात. ते पाहून आणखी पालक मुलांना काढतात आणि पट आणखी घसरतो.

२० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार राज्याने २०२३ मध्येच पुढे आणला होता. वाडी-वस्तीवरच्या पालकांना त्याची धास्ती आहे, कारण शाळा लांब गेली की सगळ्यात आधी मुलींचं शिक्षण अडतं.

पण जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे कमी दर्जाची, असं समीकरण नाही. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवणारे रणजितसिंह डिसले याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते.

त्यामुळे '२५ टक्के की सरकारी शाळा' हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. खासगी शाळेचं दार बंद करून सरकारी शाळेत शिक्षक वाढत नाहीत, वर्गखोल्या दुरुस्त होत नाहीत. त्यासाठी पदं भरावी लागतात आणि पैसा द्यावा लागतो.

अर्ज भरण्याआधी पालकांनी काय बघावं?

पत्ता: घर आणि शाळा यांतलं अंतर प्रवेशात महत्त्वाचं असतं. शहरातून कुंभारीच्या रे नगरसारख्या नव्या वसाहतीत राहायला गेला असाल, तर कागदपत्रांवर सध्याचाच पत्ता हवा.

उत्पन्न: दुर्बल घटकासाठी वार्षिक १ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी अशा वंचित घटकांना ती लागू नाही, पण जातीचा दाखला लागतो.

इतर खर्च: फी माफ झाली तरी व्हॅनचं भाडं, सहल, क्लास यांचा हिशेब आधीच करा.

आठवीनंतर: आरटीईचं संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीपासून त्याच शाळेत पूर्ण फी भरावी लागू शकते. पहिलीचा अर्ज भरतानाच शाळेला नववीची फी विचारून ठेवा.