मोजलेल्या गोळ्या

मुंबईची नंदिता वेंकटेशन भरतनाट्यम शिकलेली. २००७ मध्ये, सतराव्या वर्षी, तिला आतड्यांचा क्षय झाला. त्यातून ती बरी झाली, पण २०१३ मध्ये आजार उलटला. या खेपेला गोळ्यांच्या जोडीला कॅनामायसिनची इंजेक्शनं होती. त्याच वर्षी तिला ऐकू येईनासं झालं. हे औषध कानाच्या आतल्या पेशी मारतं आणि त्या पुन्हा उगवत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत फुमेझा तिसिले या विद्यार्थिनीचंही तेच झालं. तिने उपचारात सुमारे वीस हजार गोळ्या गिळल्या. त्यातच कान गेले.

भारतातली क्षयाची सरकारी यंत्रणा गोळ्या मोजण्यात पक्की. जुन्या ‘डॉट्स’ उपचारपद्धतीत सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत, सात-सात गोळ्या घ्याव्या लागत. पुढे रोजचा डोस आला: साध्या क्षयाला दोन महिने चार औषधं, नंतर चार महिने तीन, तीही एकाच गोळीत मिसळलेली. काही पाकिटांवर गोळीमागे फोन नंबर दडवलेला असे. मिस्ड कॉल दिला की डोस घेतल्याची नोंद. मिस्ड कॉलनंतर उलटी झाली तर तिची नोंद कुठे?

खरं ओझं या नोंद न होणाऱ्या त्रासाचंच आहे. हुबळीच्या गोकुळ रोडवर औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी पाळीवर जाणाऱ्या पंचविशीतल्या मुलाने गोळ्या उपाशीपोटी घेतल्या, तर मळमळ नेमकी मशीनसमोर उभं राहताना सुरू होणार. रजा मागावी तर आजाराचं नाव सांगावं लागतं. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, ते निरुपद्रवी. पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून औषधच सोडतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात दिल्या जाणाऱ्या क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. लग्नाचं बघणं चाललेल्या मुलीला ‘तात्पुरतं आहे’ असं म्हणून उडवून लावणं सोपं असतं, सांगणाऱ्याला.

नंदिता आणि फुमेझा तक्रारीवर थांबल्या नाहीत. बेडाक्विलिन या, इंजेक्शनाऐवजी तोंडाने घ्यायच्या नव्या औषधावरची मक्तेदारी जॉन्सन अँड जॉन्सनला २०२७ पर्यंत लांबवायची होती. दोघींनी भारतात त्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपलं आणि इतर कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली. कॅनामायसिनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच थांबवली होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा चार औषधांचा उपचार मंजूर केला. वीस महिन्यांपर्यंत रेंगाळणारं काम आता सहा महिन्यांत होतं, एकही इंजेक्शन न टोचता. मात्र लिनेझोलिडने पायांना मुंग्या येऊ शकतात, रक्त कमी होऊ शकतं, नजरही मंदावू शकते. म्हणून उपचार चालू असताना रक्त आणि डोळे तपासत राहावं लागतं, आणि मुंग्या सुरू होताच डॉक्टरांना सांगावं लागतं. डोस कमी करता येतो.